संत गोन्सालो गार्सिया : कुळ आणि भूमि



वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचें चरित्र आपणांस परिचित आहे. ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं त्यांतील एकाच गोष्टीकडे आम्ही आपलें लक्ष वेधूं इच्छितों. ती ही कीं, कुळाचा शोध घेऊं जातां आडनांवापेक्षां भूमि अधिक बोलते.

सन १५३४ मध्यें गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. खाडीच्या मुखाशीं गलबतांस आसरा देणारें हें ठाणें नसतें, तर पोर्तुगीज पिता व एतद्देशीय माता यांचा संसार येथें मांडला गेला नसता. त्या संसारांत १५५७ च्या सुमारास गोन्सालो जन्मले. पंधराव्या वर्षाच्या सुमारास येशूसंघाच्या पाद्र्यांबरोबर ते समुद्रमार्गें जपानास गेले. तेथील भाषा त्यांनीं आत्मसात केली, धर्मशिक्षकाचें काम केलें, पुढें व्यापारहि केला. मग मनिला येथें ते फ्रान्सिस्कन बंधु झाले व १५९३ सालीं पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून पुन्हां जपानास आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांस क्रूसावर मारण्यांत आलें. त्यांत गोन्सालो होते. १६२७ सालीं ते धन्य व १८६२ सालीं संत म्हणून घोषित झाले.

आतां गार्सिया हें आडनांव पाहा. स्पेन व पोर्तुगाल या देशांत तें इतकें पसरलें आहे कीं, त्यावरून मूळ गांव ओळखतां येत नाहीं. गोन्सालोंची ओळख पटते ती वसईवरून. आमच्या आडनांवांची गोष्ट याहूनहि निराळी. पोर्तुगीज अमदानींत बाप्तिस्म्याबरोबर आमच्या पूर्वजांस पोर्तुगीज नांवें मिळालीं. म्हणून परेरा किंवा लोपीस म्हणविणारा लिस्बनचा ठरत नाहीं, आणि एका आडनांवाचीं दोन घरें सगोत्र ठरत नाहींत.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं विवाहांची नोंदवही ठेवण्याची आज्ञा केली. अशा वह्या धर्मग्रामागणिक असतात; ज्यास पूर्वजांचें गांव ठाऊक नाहीं, त्यानें कोणत्या देवळाचें दार ठोठवावें? शिवाय वसईचा मुलूख पूर्वीं गोव्याच्या धर्मप्रांतांत होता, पुढें मुंबईच्या, आणि १९९८ पासून त्याचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. स्थळाबरोबर काळहि ठाऊक असावा लागतो.

१७३९ सालीं मराठ्यांनीं वसई जिंकली. किल्ल्यांतील पोर्तुगीज वस्ती उठली व तेथील देवळें ओसाड पडलीं. परंतु बागायतदार आपल्या वाडींत आणि कोळी आपल्या किनाऱ्यावर राहिला. ज्यांचें मूळ मातींत होतें, त्यांचा वंश तेथेंच टिकला.

आज त्या वाड्यांच्या जागीं इमारती उठत आहेत. वाडीचें नांव विसरलें म्हणजे कुळाची वाटहि बुजते. यास्तव आमची कळकळीची विनंति आहे : घरांतील वडील मंडळी हयात आहेत तोंवर आजोबा-पणजोबांचें घर कोठें होतें, विहीर कोणती, देऊळ कोणतें, आजी कोणत्या गांवाहून नांदावयास आली, हें विचारून लिहून ठेवा. आडनांव मागाहून लिहिलें तरी चालेल.