कुंडलचा माळ आणि लक्ष्मणराव

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असता बढतीत डावलले गेले, तेव्हा या मानी गृहस्थाने नोकरीवर पाणी सोडले. बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते ही शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली!

पुढे बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागाच सोडावयास लावली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन आणि दहा हजारांचे कर्ज देऊ केले. 1910 मध्ये लक्ष्मणरावांनी वसविला तो कुंडल रोड स्थानकाजवळचा 32 एकरांचा निवडुंगाचा माळ. सापांचा सुळसुळाट होता. पण शेजारी रूळ होते. कच्चे लोखंड नि कोळसा आत यावयाचा, अवजड नांगर बाहेर जावयाचे. डिचोलीचे खनिज ट्रकने नदीकाठी आणि बार्जने मुरगावला जाताना पाहिलेल्या वाचकास हे गणित समजावून सांगावयास नको. पेडण्यात कारखाना काढू पाहणाऱ्या तरुणाने भांडवलाआधी मालाच्या ने-आणीचा हिशेब मांडावा, असे आमचे मत आहे.

1914 च्या महायुद्धात विलायती बीड येईनासे झाले. पेरणीचा हंगाम थोडाच थांबणार? लक्ष्मणरावांनी संस्थानिकांकडून किल्ल्यांवरील जुन्या तोफा मिळविल्या, भट्टीत वितळविल्या आणि नांगर ओतले.

1956 मध्ये ते निवर्तले. कुंडल रोड स्थानकाचे नाव किर्लोस्करवाडी झाले आहे.