राष्ट्रसंत तुकडोजी महाराज : गावाचा विकास कोणी ठरवायचा?



तुकडोजी महाराजांची जयंती किंवा पुण्यतिथी आली की आपल्या शाळांत फोटोला हार घातला जातो. मुलं दहा ओळींचं भाषण पाठ करून येतात. जन्म यावलीचा, आश्रम मोझरीचा, हातात खंजिरी, ग्रंथ ग्रामगीता. टाळ्या होतात आणि कार्यक्रम संपतो. भाषणात चूक काहीच नसते, पण महाराज आयुष्यभर ज्या प्रश्नाशी झगडले तो प्रश्न त्यात येत नाही. देशाचा विकास करायचा तर आधी काय करायचं, त्यासाठी पैसा कुठून आणायचा आणि हे सगळं ठरवताना गावातल्या माणसाला कोणी विचारायचं की नाही? आजच्या पाठात त्यांचं चरित्र याच प्रश्नाच्या अंगाने पाहू या. आपण चिमूर भागातली माणसं, म्हणून हा प्रश्न आपल्या जास्त जवळचा आहे.

माणिक ते तुकड्या

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली या गावी झाला. मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. आई मंजुळाबाई. वडील शिवणकाम करायचे, घरची परिस्थिती बेताची. शाळेत माणिक फार शिकला नाही. त्याचं मन भजनात आणि रानावनात रमायचं. वरखेडच्या आडकोजी महाराजांना त्याने गुरू मानलं आणि त्यांनीच त्याला तुकड्या हे नाव दिलं. पुढे याच नावाचं तुकडोजी झालं.

एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. ज्यांच्या नावाने २००५ पासून नागपूर विद्यापीठ ओळखलं जातं, ते स्वतः प्राथमिक शाळेच्या पुढे गेले नव्हते. म्हणून शाळा नको असं ते कधी म्हणाले नाहीत. उलट ग्रामगीतेत त्यांनी जीवन शिक्षण या विषयाला स्वतंत्र अध्याय दिला. शिकलेल्या मुलाला गावाचं काम करता आलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

चिमूरचं जंगल

तरुणपणी महाराज घर सोडून जंगलात राहिले. आपल्या चिमूर तालुक्यातला गोंदोडा आणि जवळची रामदेगी या त्यांच्या तपोभूमी. आजही गोंदोड्याला यात्रा भरते आणि चिमूरच्या घोडायात्रेला जाणारी माणसं तितक्याच ओढीने तिथेही जातात.

तेव्हाचा चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही. जंगल, धानाची शेती आणि तलाव. हे तलाव मालगुजारी काळातले, गावाच्या मेहनतीने बांधलेले. पाणी कोणाच्या बांधीला आधी जायचं, पाळ फुटली तर माती कोणी टाकायची, हे गावातच ठरायचं. त्या व्यवस्थेत अन्याय नव्हता असं नाही. मालगुजाराचा शब्द मोठा आणि मजुराचा लहानच होता. पण तलाव आपला आहे ही भावना गावात होती. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. पुढे अनेक तलावांत गाळ साचत गेला आणि पाळ दुरुस्त करायला सरकार कधी येते याची वाट पाहायची सवय लागली. महाराजांचा विचार समजून घ्यायचा असेल तर हा बदल ध्यानात ठेवावा. मालकी बदलणं गरजेचं होतं, पण त्यासोबत गावाची जबाबदारीही निघून गेली.

१९४२

१९३५ मध्ये महाराजांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९३६ मध्ये ते गांधीजींकडे सेवाग्रामला जवळपास महिनाभर राहिले. त्यानंतर त्यांच्या भजनात देव आणि देश वेगळे राहिले नाहीत.

ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर पेटलं. १६ ऑगस्टला नागपंचमी होती. लोक मोर्चाने निघाले, गोळीबार झाला आणि बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा शहीद झाला. संतापलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारी आणि पोलीसही मारले गेले. मग फौज आली आणि तिने गावावर, विशेषतः बायाबापड्यांवर अनन्वित अत्याचार केले. त्याच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केलं.

या भागातल्या लोकांना महाराजांच्या भजनांनी जागं केलं होतं, हे इंग्रज सरकारला पक्कं ठाऊक होतं. २८ ऑगस्टला त्यांना चंद्रपूरला अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं. डिसेंबरमध्ये सुटका झाली. पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, त्यांनी श्री गुरुदेव सेवा मंडळाचं काम संघटित रूपात उभं केलं. गावोगावी शाखा निघाल्या. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना व्हायची. सगळ्या जातींची माणसं एका ओळीत बसायची. एकत्र बसलेल्या माणसांशी मग गावाच्या स्वच्छतेपासून दारूबंदीपर्यंत बोलता यायचं. ज्या काळात गावात बैठक म्हणजे पाटलाच्या ओसरीवरची चार माणसं, त्या काळात लोकमत तयार व्हायला अशी जागा मिळणं ही साधी गोष्ट नव्हती.

दिल्लीची योजना, वॉशिंग्टनचं कर्ज

आता थोडं गावाबाहेर पाहू. देश स्वतंत्र झाला तेव्हा तिजोरीत पैसा कमी आणि गरजा अफाट. १९४९ मध्ये भारताने जागतिक बँकेकडून पहिलं कर्ज घेतलं. ३ कोटी ४० लाख डॉलर, रेल्वेसाठी. लगेच त्याच वर्षी १ कोटी डॉलर शेतीच्या यंत्रांसाठी. त्या पैशातून आणलेल्या मोठ्या ट्रॅक्टरांनी मध्य भारतातल्या कांस गवताने भरलेल्या पडीक जमिनी नांगरायच्या होत्या. मग दामोदर खोऱ्यासाठी कर्ज आलं. १९५० मध्ये नियोजन आयोग नेमला गेला आणि १९५१ मध्ये पहिल्या पंचवार्षिक योजनेचा मसुदा लोकांच्या चर्चेसाठी प्रसिद्ध झाला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला. त्यालाही अमेरिकेची आणि फोर्ड फाउंडेशनची मदत होती.

यातलं काहीच वाईट हेतूने केलेलं नव्हतं. रेल्वे हवी होती, वीज हवी होती. अडचण वेगळी होती. मसुदा चर्चेसाठी खुला झाला, पण ज्याला वाचता येत नाही त्याने त्यावर मत कसं द्यायचं? कर्ज देणाऱ्याचं मत दिल्लीला कळत होतं, तज्ज्ञांचं मत कळत होतं. पण चिमूर तालुक्यातल्या धानाच्या बांधीतल्या बाईला विहीर आधी हवी की रस्ता, हे कळायचा मार्ग नव्हता.

ग्रामगीता

नेमक्या याच काळात, १९५५ मध्ये, ग्रामगीता प्रसिद्ध झाली. ४१ अध्याय, साध्या वऱ्हाडी माणसालाही कळेल अशी ओवी. त्याच वर्षी महाराज जपानला विश्वशांती परिषदेसाठी जाऊन आले होते. युद्धात होरपळलेला देश पुन्हा कसा उभा राहतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

ग्रामगीतेला आपण बरेचदा पारायणाचा ग्रंथ करून टाकतो. प्रत्यक्षात ती गावाने स्वतःची योजना कशी करावी याचं पुस्तक आहे. आरोग्य, स्वच्छता, ग्रामोद्योग, गोधन, शिक्षण, स्त्रियांची उन्नती, अस्पृश्यता निवारण, श्रमाची किंमत, निवडणूक असा एकेक विषय महाराज घेतात. मत विकलं किंवा जातीकडे पाहून दिलं तर त्याचे परिणाम सगळ्या गावाला भोगावे लागतात, हे ते स्पष्ट सांगतात. लग्नात आणि सणात कर्ज काढून थाट करणाऱ्यांना ते चांगलेच फटकारतात.

कर्जाबद्दलचा हा घरगुती विचार देशालाही लावून पाहता येतो. औतासाठी बैल घ्यायला काढलेलं कर्ज आणि जेवणावळीसाठी काढलेलं कर्ज यातला फरक आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही. पहिल्यात फेडायची सोय असते, दुसऱ्यात नसते. पण घरात कोणालाच न विचारता कर्त्याने कर्ज काढलं, तर ते बैलासाठी असलं तरी भांडण होतंच. कारण फेडायचं सगळ्यांना असतं.

सरकारलाही हे लवकरच कळलं. समुदाय विकास कार्यक्रम तपासायला नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये हाच दोष दाखवला. पैसा पोचला, कर्मचारी पोचले, पण लोकांचा पुढाकार जागा झाला नाही. त्यातूनच पंचायत राज आलं आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

अखेरची वर्षं

१९५६ मध्ये भारत साधू समाज स्थापन झाला आणि महाराज त्याचे पहिले अध्यक्ष झाले. साधूंनी मठातून बाहेर पडून देशाच्या उभारणीला हात लावावा, हा त्यामागचा विचार. विनोबांच्या भूदानालाही त्यांनी आपली खंजिरी दिली. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरवलं.

त्यानंतरची दहा वर्षं देशाला कठीण गेली. परकीय चलन आटलं म्हणून १९५८ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने मदत देणाऱ्या देशांचा गट तयार झाला. अमेरिकेहून गव्हाची जहाजं येऊ लागली. १९६२ आणि १९६५ ला युद्धं झाली. महाराज सीमेवर जवानांना भेटायला गेले. पाठोपाठ दुष्काळ. ६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलरला ४.७६ रुपये पडायचे तिथे ७.५० पडू लागले. बाहेरच्या सावकारांच्या दबावाखाली हे झालं, अशी भावना देशभर पसरली आणि लोकमत खवळलं. उधारीची किंमत व्याजापेक्षा मोठी असू शकते, हे तेव्हा सामान्य माणसालाही जाणवलं.

११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला. कोयनेच्या वीजप्रकल्पाला जागतिक बँकेचं कर्ज होतं. घरं कोसळली ती मात्र ज्यांनी आधीच जमिनी दिल्या होत्या त्या खोऱ्यातल्या लोकांची. वय झालेलं, तब्येत साथ देत नव्हती, तरी महाराज मदतकार्यात उतरले. पुढच्याच वर्षी, ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, मोझरीला त्यांचं निधन झालं.

आपण काय घ्यायचं?

इथे एक प्रामाणिक शंकाही मांडली पाहिजे. गावाने सगळं स्वतः करावं म्हटलं की श्रमदानाचं घमेलं शेवटी कोणाच्या डोक्यावर येतं? बहुतेक वेळा भूमिहीन मजुराच्या. ज्याचा दिवसाचा रोज बुडतो, त्याला श्रमदान आणि चार एकरवाल्याला श्रमदान सारखं नसतं. आणि धरण, दवाखाना, वीज हे घमेल्यांनी होत नाही. त्यासाठी सरकारचा पैसा लागतो, कधी कर्जही लागतं. म्हणून महाराजांचं सांगणं स्वावलंबन म्हणजे बाहेरचं काहीच नको, इतकं लहान करू नये. गावाला आधी काय हवं हे एकत्र बसून ठरवता आलं पाहिजे, मग पैसा कुठूनही येवो, हा त्याचा गाभा आहे.

गंमत अशी की पुढे कर्ज देणाऱ्यांनाही हेच म्हणावं लागलं. २००३ नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून आपल्या राज्यात जलस्वराज्य प्रकल्प झाला, त्यात ग्रामसभेचा ठराव आणि खर्चात गावाचा वाटा या अटी होत्या. आणि आपल्याच शेजारी, धानोरा तालुक्यातल्या मेंढा लेखा गावाने सर्वसहमतीने निर्णय घेत घेत २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तिथे कर्ज नव्हतं, पण बसून ठरवायची सवय होती.

आज आमचं गाव आमचा विकास या उपक्रमात ग्रामपंचायतीने आराखडा करायचा असतो. खरं सांगा, आपल्यापैकी किती जण त्या ग्रामसभेला गेलो? किती पालकांनी आराखडा पाहिला? सही घ्यायला शिपाई घरी आला म्हणून सही केली, असं झालं असेल तर लोकमत कागदावर उमटलं, गावात नाही. पुढच्या पुण्यतिथीला मुलांकडून दहा ओळी जरूर म्हणून घेऊ. पण त्याआधी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मुलांना मागे बसवून ऐकू देऊ. महाराजांना ते हारापेक्षा जास्त आवडलं असतं, असं मला वाटतं.

वर्गात चर्चेसाठी

१. आपल्या गावाला पाच लाख रुपये मिळाले तर आधी काय कराल? आई, आजी आणि शेजारच्या मजूर काकांना विचारून तीन याद्या करा. त्या सारख्या आहेत का?

२. आपल्या गावातला तलाव कोणी बांधला आणि आता त्याची दुरुस्ती कोण करतं, हे म्हाताऱ्या माणसांकडून विचारून लिहा.

३. कोणत्या कामासाठी कर्ज काढावं आणि कोणत्या कामासाठी काढू नये? घराचं एक आणि देशाचं एक उदाहरण द्या.