समाजी हसाजी दिवेकर

मुंबईंत मांडवी भागांत सॅम्युएल स्ट्रीट नांवाचा एक रस्ता आहे. तेथील व्यापाराच्या गर्दींतून वाट काढीत जाणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल कीं, हें नांव कोणा गोऱ्या साहेबाचें नसून मराठी बोलणाऱ्या एका कोकणच्या गृहस्थाचें आहे. धर्मकार्यांत ज्यांना शमुएल म्हणत, त्यांचें घरचें नांव समाजी. वडिलांचें यहेज्केल हें नांव बोलण्यांत हसाजी झालें. आणि दिवे या गांवावरून आडनांव पडलें दिवेकर. कुंपणी सरकारच्या मुंबई पलटणींत ते देशी अंमलदार होते. मुंबई शहरांतील पहिलें यहुदी प्रार्थनामंदिर त्यांनीं १७९६ सालीं बांधिलें.

समाजी ज्या बेने इस्राएल समाजांत जन्मले त्याची हकीकत सांगितल्यावांचून त्यांच्या कार्याचें मोल कळणार नाहीं. परंपरा अशी कीं, फार प्राचीन काळीं अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं एक गलबत फुटलें आणि त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढीं वांचलीं. त्यांजपाशीं धर्मग्रंथ उरला नाहीं. त्यांचे वंशज कोकणच्या खेड्यांतून पसरले व तेलाचे घाणे चालवूं लागले. मराठी हीच त्यांची मातृभाषा झाली. शनिवारीं घाणा बंद असे, म्हणून शेजारीपाजारी त्यांस शनवार तेली म्हणत. मुलाची सुंता आठव्या दिवशीं करावी, खवले व पर नसलेला मासा खाऊं नये, आणि मंगल असो कीं अमंगल असो, प्रत्येक प्रसंगीं ईश्वर एकच आहे अशी ग्वाही देणारा शमा म्हणावा, एवढें त्यांनीं पिढ्यानुपिढ्या धरून ठेविलें.

त्यांच्या सणांचीं जुनीं नांवें ऐकलीं म्हणजे तर मोठें कौतुक वाटतें. नव्याचा सण, खिरीचा सण, दार फाळणीचा सण! या शेवटच्या दिवशीं घराचीं दारें लावून सारें कुटुंब उपोषण करी. यरुशलेमचें मंदिर पडल्याच्या शोकाचा जो उपवास जगभरचे यहुदी पाळतात, तोच कोकणांत वालाच्या बिरड्यावरून बिरड्याचा रोजा झाला होता. त्यांची हिब्रू भाषा लोपली, ग्रंथ बुडाला, कारण विसरलें, तरी दिवस चुकला नाहीं. पुढें दाविद रहाबी नांवाच्या एका परदेशी यहुद्यानें हे आपलेच बांधव होत असें ओळखलें, व तीन कुळांतील पुरुषांस धर्मविधि शिकवून काजी नेमिलें, अशी आख्यायिका आहे. हे काजी गांवोगांव फिरून लग्नें व सुंता करीत आणि तंटे तोडीत. परंतु सर्वांनीं मिळून प्रार्थना करावी असें एकहि घर सबंध कोकणपट्टींत नव्हतें.

अठराव्या शतकांत या समाजाचीं कुटुंबें मुंबई बेटांत येऊं लागलीं. दिवेकरांचें घराणें १७४६ च्या सुमारास आलें व तेंच पहिलें, असें सांगतात. गवंडीकाम, सुतारकाम व विशेषेंकरून पलटणींतील नोकरी यांवर त्यांचा चरितार्थ चाले. समाजींनीं शिपाईगिरीच पत्करिली आणि त्या काळीं देशी माणसास मिळण्यासारखा वरचा हुद्दा मिळविला.

१७८० सालीं कुंपणीचें म्हैसूरच्या हैदरअल्लीशीं दुसरें युद्ध जुंपलें. हैदर १७८२ च्या अखेरीस मरण पावला व टिपूनें लढाई पुढें चालविली. या युद्धांत समाजी शत्रूच्या हातीं सांपडले. टिपूच्या तुरुंगांतून कैदी जिवंत सुटेल, याची आशा त्या दिवसांत घरच्यांनींहि धरूं नये अशी स्थिति होती. समाजींच्या सुटकेविषयीं बेने इस्राएल घरांतून एक कथा सांगतात ती अशी. कैद्यांस टिपूपुढें उभें केलें असतां प्रत्येकास जातधर्म विचारण्यांत आला. समाजींनीं आपण बेने इस्राएल असल्याचें सांगितलें. टिपूच्या मातोश्रींनीं हें ऐकिलें. ज्या लोकांचा उल्लेख कुराणांत येतो ते हेच, ते प्रत्यक्ष पाहावयास मिळाले, तेव्हां यांस मारूं नये, असा आग्रह त्या माउलीनें धरिला व समाजींचे प्राण वांचले. कोचीनच्या यहुद्यांनीं खटपट करून त्यांस सोडविलें अशीहि दुसरी कथा आहे. आख्यायिकेंतलें किती खरें मानावें हें ज्याचें त्यानें ठरवावें. परंतु एका मुसलमान मातेच्या दयेनें आपला पूर्वज वांचला, ही गोष्ट एखाद्या समाजानें दोनशें वर्षें आदरानें सांगत राहावी, हेंहि थोडें नव्हे. १७८४ च्या मंगळूरच्या तहानें युद्ध संपलें, आणि समाजी मुंबईस परत आले.

कैदेंत असतां त्यांनीं नवस केला होता: सुटलों तर परमेश्वराचें घर बांधीन. तो फेडण्यास बारा वर्षें लागलीं. तेवढ्या अवधींत नवस विसरणारे आपण पुष्कळ पाहतों! यहुदी धर्मांत सामुदायिक प्रार्थनेस निदान दहा प्रौढ पुरुष लागतात. गांवोगांव विखुरलेल्या तेल्यांस तेवढे जमविणेंहि कित्येकदां कठीण जाई. मुंबईंत माणसें होतीं, पण जागा नव्हती. ती समाजींनीं दिली व मंदिरास शाआर हारहमीम, म्हणजे दयेचें द्वार, असें नांव ठेविलें.

आपल्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांनीं असें मंदिर पाहिलें नसेल त्यांच्याकरितां दोन शब्द लिहितों. आंत मूर्ति अथवा चित्र नसतें. यरुशलेमच्या दिशेस, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेस, हेखाल नांवाचें पवित्र कपाट असून त्यापुढें दिवा अखंड तेवत असतो. मध्यभागीं तेबा हा कठड्याचा चौथरा. त्यावर उभें राहून हज्जान प्रार्थना म्हणतो. पुरुष मस्तक झांकून बसतात व स्त्रियांची बसण्याची जागा वेगळी असते. बेने इस्राएल लोक या मंदिरास मशीदच म्हणत. त्याच्या कारभारास मुकादम, चौगुले, खजिना सांभाळणारा गब्बाई, शमाश असे अधिकारी असत. यांतलीं निम्मीं नांवें हिब्रू व निम्मीं आपल्या गांवगाड्यांतलीं आहेत, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. शब्बाथाची प्रार्थना आटोपल्यावर येथेंच समाजाच्या गोष्टी निघत: कोणाची सोयरीक, कोणाचें भांडण, कोणा विधवेची अडचण. कोंकणांत सुटे सुटे राहणारे लोक येथें एकत्र बसूं लागले.

मंदिर उभें राहिलें, तरी एक उणीव होती. हेखालांत ठेवावयाचा सेफेर तोरा, म्हणजे मोशेच्या पांच ग्रंथांची गुंडाळी, छापून चालत नाहीं. शुद्ध मानलेल्या पशूच्या चामड्यावर शाईनें ती हातानें लिहावी लागते. तींत अक्षरें तीन लाखांवर असतात व एक चुकलें तरी तें सुधारल्यावांचून वाचन होत नाहीं. तें लिहिणारा मुंबईंत कोण असणार? कोचीनास यहुद्यांची जुनी वस्ती होती व तेथें विद्वान होते. तेव्हां उतारवयांत समाजी गुंडाळी आणण्यास कोचीनास गेले आणि १७९७ सालीं तेथेंच मृत्यु पावले. स्वतः बांधिलेल्या मंदिरांत त्यांना पुरतें एक वर्षहि लाभलें कीं नाहीं कोण जाणे. त्यांचा देह कोचीनच्या मातींत आहे.

त्यांनीं जोडलेली कोचीनची वाट मात्र पुढें मोकळी राहिली. एकोणिसाव्या शतकांत तिकडून शिक्षक येऊन बेने इस्राएलांस हिब्रू प्रार्थना शिकवूं लागले. १८३२ सालीं डॉक्टर जॉन विल्सन यांनीं हिब्रूचें मराठी व्याकरण छापिलें. कोकणांत रेवदंड्यास १८४२ सालीं व अलिबागेस १८४८ सालीं मंदिरें झालीं. मुंबईंतहि १८४३ सालीं दुसरें मंदिर झालें, तेव्हां लोक त्यास नवी मशीद व समाजींच्या मंदिरास जुनी मशीद म्हणूं लागले. जुन्या मशिदीची आजची इमारत १८६० सालची आहे. १९४८ नंतर समाजाचीं बहुतेक कुटुंबें इस्राएल देशीं गेलीं, मोहल्ल्यांतील वस्ती पालटली. परंतु दयेच्या द्वाराची ती इमारत त्याच भागांत उभी आहे, आणि जवळच्या आगगाडीच्या स्टेशनास मशीद हें नांव तिच्यावरूनच पडलें असें सांगतात.