पाचगणीचा विद्यार्थी फ्रेडी मर्क्युरी

ज्या गायकाचे चरित्र आम्ही येथे देत आहो, तो आपल्या महाराष्ट्रातील एका शाळेचा विद्यार्थी होता, हे आमच्या बालवाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

फ्रेडीचे मूळचे नाव फारुख बुलसारा. त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांजिबार बेटावर एका पारशी कुटुंबात झाला. गुजरातेतील बुलसार, म्हणजे आजचे वलसाड, यावरून हे आडनाव पडले. वयाच्या आठव्या वर्षी आईबापांनी त्यास पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेविले. मुलगा लाजाळू, दात पुढे आलेले, त्यामुळे सोबती चिडवीत. परंतु मुख्याध्यापकांनी त्याचा संगीताकडील ओढा हेरून घरी कळविले, व थोडी जादा फी भरून त्याचे पियानोचे शिक्षण सुरू झाले. १९५८ च्या सुमारास त्याने सहाध्यायांसह एक वाद्यवृंदही काढिला.

१९६४ साली झांजिबारात क्रांती होताच हे कुटुंब इंग्लंडास गेले. तेथे १९७० साली 'क्वीन' हा वृंद स्थापन झाला व फ्रेडीची कीर्ती जगभर पसरली.

१३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांच्या साहाय्यार्थ लंडनच्या वेम्बली मैदानावर मोठा जलसा झाला. मैदानात सुमारे ७२,००० श्रोते होते, आणि उपग्रहांच्या योगे तो त्याच क्षणी अनेक देशांत दूरचित्रवाणीवर दिसत होता. 'क्वीन'च्या वाट्यास अवघी वीसएक मिनिटे आली होती. या मंडळींनी घड्याळ पुढे ठेवून आधी कसून तालीम केली होती. फ्रेडीने एक तान घ्यावी व समुदायाने, भजनात टाळकरी ध्रुपद झेलतात त्याप्रमाणे, ती उचलावी, असा प्रकार झाला. त्या दिवसाचे सर्वोत्कृष्ट गायन म्हणून आजही त्याचाच उल्लेख होतो.

पुढे त्यास एड्स या रोगाने ग्रासिले. लोकापवादाच्या त्या काळात त्याने ही गोष्ट मृत्यूच्या आदल्या दिवशीच जाहीर केली, व २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, ४५ व्या वर्षी, तो निवर्तला. २० एप्रिल १९९२ रोजी त्याच मैदानावर त्याच्या सोबत्यांनी स्मृतिजलसा केला. त्याच्या नावे स्थापिलेला निधी त्या रोगाच्या निवारणार्थ खर्च होतो.

वेम्बलीचा जयघोष साऱ्या जगाने ऐकिला. परंतु पाचगणीतील त्या जादा फीस घरून होकार आला, ही लहानशी गोष्ट आमच्या पालकवर्गाने अवश्य ध्यानी घ्यावी.