ठिणग्यांविना फिरणारी मोटर

मुलांनो, सुतार हातातल्या ड्रिल मशीनने भोक पाडत असेल, तेव्हा मशीनच्या हवेच्या फटींकडे पाहा. आत निळसर ठिणग्या उडताना दिसतील. पिठाच्या गिरणीची मोटर दिवसभर फिरते, पण तिच्यात अशा ठिणग्या उडत नाहीत. हा फरक ज्यांच्यामुळे पडला, त्या निकोला टेस्ला यांची ही हकिकत आहे.

टेस्लांचा जन्म 10 जुलै 1856 रोजी, आजच्या क्रोएशिया देशातील स्मिल्यान या खेड्यात झाला. त्यांच्या आईला लिहितावाचता येत नव्हते. पण घरकामाची लहानसहान अवजारे ती स्वतः बनवीत असे. टेस्लांची बुद्धी कोठून आली, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल.

पुढे ते ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे शिकू लागले. तेथे एकदा प्राध्यापकांनी वर्गात विजेची मोटर चालवून दाखवली. त्या काळी मोटरच्या फिरत्या भागाला वीज देण्यासाठी त्यावर ब्रश टेकवावे लागत. ते घासले जात आणि ठिणग्या उडत. ब्रशांशिवाय मोटर चालवता येईल, असे टेस्लांनी सुचवले. प्राध्यापकांनी ही गोष्ट अशक्य असल्याचे भर वर्गात सिद्ध करून दाखवले. टेस्ला गप्प बसले, पण विचार त्यांनी सोडला नाही.

1882 साली बुडापेस्टच्या एका बागेत मित्राबरोबर फिरत असताना त्यांना उत्तर सापडले. त्यांनी काठीने मातीतच आकृती काढली. मोटरच्या स्थिर भागात तारांची वेटोळी बसवायची आणि त्यांत पाळीपाळीने कमीजास्त होणारे विजेचे प्रवाह सोडायचे. मग चुंबकीय क्षेत्रच गोल फिरू लागते. आतल्या भागात आपोआप वीज निर्माण होते आणि तोही त्यामागे ओढला जातो. त्याला ब्रश टेकवावाच लागत नाही!

1884 साली ते अमेरिकेला गेले. काही महिने एडिसन यांच्याकडे नोकरी केली आणि ती सोडली. मग पोटासाठी चर खणण्याची मजुरीही करावी लागली. अखेर 1888 साली त्यांना पेटंट मिळाले आणि वेस्टिंगहाउस कंपनीने मोटरचे हक्क घेतले. इटलीच्या फेरारिस यांनाही हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती, हेही सांगितले पाहिजे.

मग ड्रिलमध्ये अजून ब्रशांची मोटर का? कारण टेस्लांच्या मोटरचा वेग विजेच्या आवर्तनांशी बांधलेला असतो. आपल्या 50 आवर्तनांच्या विजेवर ती मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या आतच फिरते. ब्रशांची मोटर 20,000 फेऱ्यांच्याही पुढे जाते. त्यामुळे लहान, हलकी असूनही ती भरपूर जोर देते. ती आवाज करते, तिचे कार्बन झिजतात; पण हातात धरायला तीच सोयीची. टेस्लांची मोटर जड असते, परंतु भार पडला तरी वेग फारसा सोडत नाही. म्हणून गिरणी, लेथ, टेबलावरचा ग्राइंडर अशा एका जागी बसवलेल्या यंत्रांना ती शोभते.

7 जानेवारी 1943 रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत टेस्लांचे निधन झाले. तेव्हा त्यांच्या हाती फारसा पैसा उरला नव्हता. 1960 साली चुंबकीय क्षेत्राच्या एककाला त्यांचे नाव देण्यात आले.

आता बॅटरीवरच्या अनेक ड्रिलमध्येही ब्रश नसतात. तेथे इलेक्ट्रॉनिक सर्किट एकेका वेटोळ्याला वीज देत चुंबकीय क्षेत्र फिरवते, आणि आतले चुंबक त्यामागे धावतात. अशा ड्रिलचे कार्बन बदलण्यासाठी सुताराला दुकानात जावे लागत नाही.