क्रिस्टन न्यूगार्ड: क्लास आणि ऑब्जेक्ट देऊन गेलेला माणूस

ओओपी म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग. हे शिकवताना बहुतेक ठिकाणी पहिल्याच तासाला प्राणी येतो. प्राण्याचा क्लास, त्यातून कुत्रा, त्यातून मांजर. मुलांना ते लगेच समजतं, पण प्रोजेक्टला बसल्यावर हात अडतो. कुत्र्या-मांजराच्या उदाहरणात सोडवायला प्रश्नच नसतो, म्हणून असं होतं. मी शिकवताना अलीकडे क्रिस्टन न्यूगार्ड यांच्या आयुष्यापासून सुरुवात करतो. त्यांच्यासमोर खरे प्रश्न होते आणि त्या प्रश्नांतूनच क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स या गोष्टी आल्या.

आकडेमोडीपासून सुरुवात

न्यूगार्ड यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२६ चा, नॉर्वेची राजधानी ओस्लोमधला. १९४८ मध्ये ते नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत लागले. देशाच्या पहिल्या अणुभट्टीसाठी लागणारी गणितं तिथे चालू होती. कॉम्प्युटर नव्हता, सगळं काम हातानं. पुढे ते ऑपरेशनल रिसर्चकडे वळले. एखादी यंत्रणा कशी चालते, रांगा कुठे लागतात, काम कुठे अडतं, हे गणितानं शोधायचं असं ते काम. १९५६ मध्ये त्यांनी ओस्लो विद्यापीठातून गणितातली मास्टर्स पदवी घेतली आणि १९६० मध्ये ते नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये आले.

यंत्रणा गुंतागुंतीची असली की तिचं नीट वर्णन करायला भाषाच नाही, ही त्यांची अडचण होती. १९६१ च्या सुमारास त्यांनी अशी भाषा बनवायचं मनावर घेतलं. पण प्रोग्रामिंगमध्ये त्यांच्याहून तयार माणूस हवा होता. तो म्हणजे संरक्षण संस्थेतले त्यांचे जुने सहकारी ओले-योहान डाल. प्रश्न कुठले ते न्यूगार्ड यांना पक्कं माहीत, आणि ते यंत्राला कसे समजवायचे ते डाल यांना. या जोडीनं अल्गोल ६० या भाषेच्या पायावर सिम्युला उभी केली. १९६५ च्या सुरुवातीला तिचा कंपायलर युनिव्हॅक ११०७ या मशीनवर चालू लागला.

गिऱ्हाईक की काउंटर?

आता मुख्य मुद्दा. सुरुवातीला त्यांची कल्पना साधी होती. काउंटर काम करणार आणि गिऱ्हाईक नुसतं या काउंटरवरून त्या काउंटरवर सरकणार. म्हणजे काउंटर सक्रिय, गिऱ्हाईक म्हणजे नुसती माहिती. पण उदाहरणं मांडत गेल्यावर लक्षात आलं की हे उलटही मांडता येतं. बंदरात येणारं जहाज स्वतःच ठरवतं की आधी धक्का, मग क्रेन, मग रवाना. मग एकाला सक्रिय आणि दुसऱ्याला मुका का ठेवायचा? दोघांनी ठरवलं की दोन्ही एकाच जातीचे. प्रत्येकाकडे स्वतःची माहिती आणि त्या माहितीवर चालणारी स्वतःची कामं. हाच पुढचा ऑब्जेक्ट.

इथेच पहिली नेहमीची चूक समजून घ्या. क्लासमध्ये नुसती फील्ड्स, प्रत्येकाला एक गेटर, एक सेटर, आणि सगळे निर्णय बाहेरच्या एका भल्यामोठ्या मॅनेजर क्लासमध्ये. दिसायला ओओपी, पण आत जुनाच मामला. बँक खात्यात शिल्लक पुरेशी आहे का हे बाहेरचा कोड तपासत असेल, तर ते काम खात्याला द्या. गंमत म्हणजे आतला डेटा बाहेरच्यांपासून लपवायची सोय मूळ सिम्युलात नव्हती, ती नंतर आली. नुसतं प्रायव्हेट लिहिल्यानं डिझाइन सुधारत नाही. जबाबदारी कुणाची, हे आधी ठरायला हवं.

दुसरी चूक क्लास आणि ऑब्जेक्ट यांची गल्लत. क्लास म्हणजे वर्णन, ऑब्जेक्ट म्हणजे त्या वर्णनावरून तयार झालेली एकेक जिवंत प्रत. जहाजाचं वर्णन एकदाच लिहायचं, बंदरात जहाजं पन्नास. प्रत्येकाचा माल वेगळा. तो माल स्टॅटिक फील्डमध्ये ठेवलात, तर पन्नासही जहाजांचा माल एकच होऊन बसतो.

टोलनाका

तिसरी गोष्ट इनहेरिटन्सची. पुलावरचा टोलनाका हे त्यांचं एक उदाहरण होतं. रांगेत ट्रक, बस, मोटारी. सगळ्यांना रांगेत उभं राहायचंय, म्हणजे काही गुण सामाईक, पण ट्रकचं स्वतःचंही काही आहे. सामाईक भाग पुन्हा पुन्हा लिहायचा नाही आणि वेगळेपणही गमवायचं नाही, हे जमवायचं कसं? टोनी होअर यांनी रेकॉर्डवर मांडलेल्या कल्पनांनी वाट दाखवली, पण ती पुरेशी नव्हती. १९६७ च्या सुरुवातीला उत्तर सापडलं. एका क्लासच्या वर्णनाआधी दुसऱ्या क्लासचं नाव जोडायचं, की दुसऱ्यातलं सगळं पहिल्यात येतं. यालाच आपण सबक्लास म्हणतो.

त्या दिवसांत दोघांची फळ्यासमोरची चर्चा इतकी मोठ्यानं चालायची, की ऑफिसात नव्यानं लागलेल्या एका व्यक्तीला मारामारी चालली आहे असं वाटलं आणि ती घाबरून टेलिफोन ऑपरेटरकडे धावली, असं न्यूगार्ड पुढे सांगत. ऑपरेटरनं कानोसा घेतला आणि हे दोघं सिम्युलावर बोलतायत, काळजी नको, असं सांगून तिला शांत केलं.

इनहेरिटन्सची चूक कोड वाचवण्याच्या मोहातून होते. एक सोपी कसोटी वापरा: वाक्य मोठ्यानं बोलून बघा. ट्रक हे वाहन आहे, हे पटतं. ट्रक हे इंजिन आहे, हे नाही पटत. ट्रकमध्ये इंजिन असतं. तिथे इनहेरिटन्स नको, इंजिनचा ऑब्जेक्ट ट्रकच्या आत ठेवा.

सिम्युला ६७ मध्ये व्हर्च्युअल प्रोसिजरही आली. टोल किती हे प्रत्येक वाहन आपापलं सांगतं, नाक्यानं फक्त विचारायचं. यालाच पॉलिमॉर्फिझम म्हणतात. तुमच्या कोडमध्ये ट्रक असेल तर हे, बस असेल तर ते, अशी इफ-एल्सची माळ दहा ठिकाणी दिसली, तर उद्या रुग्णवाहिका आल्यावर दहाही ठिकाणी हात घालावा लागेल.

आणखी एक बारकावा. सिम्युलात किंमत भरायला एक चिन्ह होतं आणि ऑब्जेक्टचा रेफरन्स द्यायला दुसरं. जावासारख्या भाषांत दोन्हीला एकच बरोबरचं चिन्ह आहे. म्हणून नवखे लोक फसतात: एका व्हेरिएबलमधला ऑब्जेक्ट दुसऱ्यात दिला की कॉपी झाली असं वाटतं. प्रत्यक्षात ऑब्जेक्ट एकच, त्याला नावं दोन. एकातून बदललं की दुसऱ्यातही बदल दिसतो.

वर्णन कोण करणार?

इथपर्यंतचं पुस्तकात सापडतं. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. कारखान्याचं मॉडेल बनवायचं हत्यार आपण तयार केलं, पण ते वापरणार व्यवस्थापन, आणि ज्यांच्या कामाचं मॉडेल बनतंय त्या कामगारांना कुणी विचारणार नाही, हे न्यूगार्ड यांना अस्वस्थ करू लागलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेबरोबर काम केलं. कामगारांनीच कॉम्प्युटर यंत्रणांचा अभ्यास करायचा आणि आपल्या मागण्या ठरवायच्या. त्यातून नवीन यंत्रणा आणताना कामगारांना माहिती आणि मत मांडायचा हक्क देणारे करार झाले. वापरणाऱ्यांना सोबत घेऊन डिझाइन करण्याच्या पद्धतीचं एक मूळ इथे आहे.

दरम्यान सिम्युला दूरवर पोचली होती. ॲलन के यांनी तिच्यापासून प्रेरणा घेतली आणि पुढे स्मॉलटॉक आली. बियार्ने स्ट्राउस्ट्रप यांनी केंब्रिजला सिम्युला वापरली आणि नंतर तिच्या कल्पना सी भाषेत आणल्या, त्यातून सी प्लस प्लस झाली. न्यूगार्ड स्वतः डेन्मार्कच्या सहकाऱ्यांसोबत बीटा या भाषेवर काम करत राहिले, ओस्लो विद्यापीठात शिकवत राहिले, आणि १९९० च्या दशकात नॉर्वेनं युरोपियन युनियनमध्ये जाऊ नये या चळवळीचं नेतृत्वही केलं. १९९४ च्या सार्वमतात नॉर्वेनं नकार दिला.

डाल आणि न्यूगार्ड यांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २९ जून २००२ ला डाल गेले आणि १० ऑगस्टला न्यूगार्ड. शेवटच्या काळात ते ओओपी शिकवायचं कसं, यावरच्या प्रकल्पात गुंतले होते. सुरुवातच खेळण्यातल्या उदाहरणांनी करू नका, पुरेसं गुंतागुंतीचं काहीतरी द्या, हा त्यांचा आग्रह होता. त्यांना रेस्टॉरंटचं उदाहरण आवडायचं: गिऱ्हाईक, वेटर, आचारी, सगळे एकाच वेळी आपापलं काम करणारे.

तेव्हा पुढचा क्लास लिहिण्याआधी तीन प्रश्न कागदावर उतरवा. या गोष्टीला काय माहीत आहे? ती स्वतः काय करते? आणि हे वर्णन मी कुणाला विचारून लिहितोय? तिसऱ्याचं उत्तर कुणालाच नाही असं आलं, तर कीबोर्डवरून उठा आणि ते काम रोज करणाऱ्या माणसाशी आधी बोलून या.