दत्तक वारसासाठी लंडनमध्ये तेरा वर्षं

मैत्रिणींनो, आमच्या निघोजेत बचत गटाच्या बैठकीला येणाऱ्या एका सुनेने मूल दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवलंय. नवरा-बायको दोघंही कंपनीत कामाला जातात. कागदपत्रं झाली, घराची पाहणी झाली, आता नंबर कधी लागतो याची वाट बघणं चालू आहे. परवा ती रडवेली होऊन म्हणाली, की आपलं मूल आपलं आहे हे दुसऱ्या कुणीतरी ठरवायचं, हेच फार जड जातं. तिचं बोलणं ऐकलं आणि मला आठवले रंगो बापूजी गुप्ते. दत्तकाचा हक्क मिळावा म्हणून परक्या देशात वर्षानुवर्षं वाट बघणारा हा माणूस आपल्याच पुणे जिल्ह्यातला, भोर तालुक्यातल्या कारी गावचा. शिवकाळातले दादाजी नरस प्रभू देशपांडे हे त्यांचे पूर्वज.

रंगो बापूजी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचे विश्वासू. १८१९ च्या तहाने इंग्रजांनी महाराजांना राज्य दिलं, ते त्यांच्या वारसांकडे पुढेही चालेल असं लिहून दिलं. पण १८३९ मध्ये कटाचा आरोप ठेवून महाराजांना गादीवरून उतरवलं आणि दूर काशीला नेऊन ठेवलं. गादीवर त्यांचे भाऊ शहाजी यांना बसवलं. इथे दाद लागत नाही म्हटल्यावर महाराजांनी आपले वकील थेट विलायतेला धाडले. त्यातलेच एक रंगो बापूजी. १८४० मध्ये ते लंडनला पोहोचले.

विचार करा, त्या काळी समुद्र ओलांडायचा म्हणजे जातीबाहेर पडायची भीती. भाषा वेगळी, हाडं गोठवणारी थंडी, जेवणाखाण्याचे हाल. घरचं पत्र यायचं तर कित्येक आठवडे लागायचे. काम दोन-चार महिन्यांत होईल असं वाटलं असेल, पण वर्षामागून वर्षं गेली. रंगो बापूजी तिथे इंग्रजी शिकले. कंपनीच्या कचेरीत अर्ज दिले, भागधारकांच्या सभांमध्ये बाजू मांडली, महाराजांच्या कैफियती छापून वाटल्या. जोसेफ ह्यूम, जॉन सुलिवन, जॉर्ज थॉम्प्सन यांच्यासारखे काही इंग्रज त्यांच्या बाजूने उभे राहिले, हेही विसरता येणार नाही.

१८४७ मध्ये महाराज काशीलाच वारले. मरणापूर्वी त्यांनी शाहू या मुलाला दत्तक घेतलं होतं. पुढच्याच वर्षी इकडे साताऱ्यात शहाजीही गेले. त्यांनीही शेवटच्या घटकेला मुलगा दत्तक घेतला होता. आपल्याकडे विधीने दत्तक घेतलेला मुलगा पोटच्या मुलासारखाच. पण गव्हर्नर जनरल डलहौसीचं म्हणणं, दत्तकाला खासगी मालमत्ता मिळेल, राज्य नाही. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी या निर्णयाला विरोध केला, तरी सातारा खालसा झालंच. या धोरणाखाली गेलेलं हे पहिलं राज्य. पुढे नागपूर गेलं, झाशी गेली. राणी लक्ष्मीबाईंच्या दामोदररावाचं दुःख आपल्याला माहीत आहे, पण त्याची सुरुवात साताऱ्यापासून झाली.

ज्यांनी पाठवलं ते महाराजच राहिले नाहीत, तर दुसरा कुणी असता तर गाशा गुंडाळून परत आला असता. रंगो बापूजी थांबले. आता दत्तक वारसाच्या हक्कासाठी त्यांचं भांडण सुरू झालं. पैशांची ओढाताण झाली, कर्ज झालं. तेरा वर्षं झुंजून अखेर १८५३ च्या सुमारास ते रिकाम्या हाताने मायदेशी परतले.

इथे आल्यावर मात्र त्यांनी अर्ज-विनंत्यांचा नाद सोडला. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची तयारी केली. ती फुटली. सातारच्या राण्यांना आणि दत्तक मुलांना सातारा सोडायला लावून मुंबईकडे हलवलं. ८ सप्टेंबर १८५७ ला साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड दिला. कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. फाशी गेलेल्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी निसटले, ते पुन्हा कधीच कुणाच्या हाती लागले नाहीत.

दुसऱ्याच्या दत्तक मुलासाठी ज्यांनी उमेदीची वर्षं परदेशात घालवली, त्यांचा स्वतःचा मुलगा असा गेला. हे लिहिताना माझा हात थांबतो.

त्यांची धडपड वाया गेली का? सातारा परत मिळालं नाही हे खरंच. पण १८५७ चा वणवा पेटल्यावर इंग्रजांनाच धोरण बदलावं लागलं. १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाचा हक्क मानणाऱ्या सनदा दिल्या गेल्या. जे रंगो बापूजी लंडनमध्ये सांगत होते, तेच शेवटी मान्य झालं, पण फार उशिरा.

आज दत्तक घ्यायचं तर आपल्याकडे कायदा आहे, ‘कारा’ ही सरकारी संस्था आहे. परदेशातल्या जोडप्यांनाही तिच्याच परवानगीने मूल मिळतं. वाट बघावी लागतेच, पण ती मुलाच्या भल्यासाठी असते. आणि एकदा आदेश निघाला, की ते मूल हक्काने आपलंच.

आमच्या त्या सुनेला मी ही गोष्ट सांगितली. आता तिने बाळासाठी गोधडी शिवायला घेतलीय. तुम्ही साताऱ्याला गेलात, तर चार भिंतीच्या स्मारकापाशी जरूर जाऊन या.